पैलवानांचा डावा पाय

पैलवान शिवदास येडगे यांचा डावा पाय काही दिवस माझ्याकडे होता. हसू नका. मी वैजयंती पाटणकर, कराडात गेली कित्येक वर्षं योगाचा वर्ग चालवते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. जे झालं ते झालं तसं सांगते. पण त्यातलं सगळं मला कळलंय अशा समजुतीत राहू नका. माझ्या डोक्यात अजून गोंधळच आहे.

सुरुवात झाली एका नियमापासून. योगवर्गात कुणालाही 'तुम्हाला जमणार नाही' म्हणून परत पाठवायचं नाही, असा सरकारी नियम आला. नियम चांगला होता, पण तो करणाऱ्यांचं काय जातं! एका सकाळी माझ्या हॉलमध्ये जोहराबी मुजावर आल्या, त्यांना जन्मापासून दिसत नाही. पाठोपाठ चाकाच्या खुर्चीतून लिमयेकाका आले. मग अजिबात ऐकू न येणारी एक मुलगी. आता तोंडानं सांगावं तर त्या मुलीला ऐकू येत नाही, करून दाखवावं तर जोहराबींना दिसत नाही, आणि दोन्ही करावं तर काका विचारणार, "बाई, हे सगळं पायांचं झालं, माझं काय?" त्याआधी अशा माणसांसाठी योग म्हणजे काय असायचा? खुर्चीत बसवायचं, हात वरखाली करायला लावायचे, फोटो काढायचा आणि टाळ्या पिटायच्या. मला त्याची मनस्वी चीड होती. पण नुसत्या चिडीनं शिकवता येत नाही ना!

मग 'सहांग' आलं.

सहांग म्हणजे अंगाला चिकटून बसणारा एक पातळ पोशाख. बाह्या, विजार आणि बोटं उघडी ठेवणारे मोजे. आपण हात उचलायचं मनात आणलं की मेंदूकडून नसांमधून स्नायूंना निरोप जातो. तो निरोप म्हणजे अगदी बारीकशी वीज. या कापडात विणलेल्या तारा ती वीज कातडीवरूनच वाचतात. आणि त्याच तारा उलट कामही करतात, दुसऱ्याच्या अंगाचा निरोप आपल्या कातडीतून आपल्या नसांना पोचवतात. मी हात वर नेला की वर्गातल्या प्रत्येकाच्या हाताला त्याच जागी हलकी ओढ जाणवायची, कुणी कोपराला धरून उचलावं तशी. आणि माझ्या मनगटावरचं बटण मी ज्या विद्यार्थ्यावर लावीन त्याचं अंग मला माझ्या अंगात कळायचं. कुठं ताण आहे, कुठं खरंच दुखतंय आणि कुठं नुसता आळस आहे, सगळं.

पहिल्याच दिवशी जोहराबी म्हणाल्या, "वैजूताई, तुम्ही 'पाठ सरळ' म्हणता त्याचा अर्थ आज कळला. माझी मेली पाठ आजवर सरळ नव्हतीच की हो!" आणि मला हुंदका फुटला. असली मी रडूबाई नाही, पण त्या दिवशी फुटला.

पैलवान आले ते त्यानंतर. पन्नाशीचा माणूस, मान इतकी जाड की सदऱ्याचं वरचं बटण कधी लागलं नसेल. उसाची ट्रॉली उलटून डावं पाऊल खाली सापडलं आणि घोट्याच्या वरून पाय कापावा लागला. कृत्रिम पाय लावून चालायचे, पण कमरेतून वाकडे, म्हणून पाठ धरायची. डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. दारातच उभं राहून म्हणाले, "ताई, ह्ये बायकांचं काम. मला न्हाई जमायचं."

"पैलवान, आधी न हलता शवासनात पडून दाखवा," मी म्हटलं, "मग कुणाचं काम ते बघू."

पोशाखांची देखभाल करायला पुण्याहून निहारिका नावाची इंजिनियर यायची. पोरगी हुशार, पण बोलणं असं की आपण 'हं' म्हणेपर्यंत तिची तीन वाक्यं पुढं गेलेली. तिनं पैलवानांचा पोशाख बेतून पाठवला आणि फोनवर मला बजावलं, "मॅडम, त्यांना डावं पाऊल नाही. त्यांच्याबरोबर काम करताना तुम्ही तुमचा डावा मोजा काढून ठेवा. रिकाम्या जागेतून काहीबाही निरोप यायला नकोत."

मी आज्ञाधारकपणे डावा मोजा काढला. पैलवान कृत्रिम पाय बाजूला ठेवून आडवे झाले. मी बटण त्यांच्यावर आणलं, आणि "आई गं!" म्हणून मटकन खालीच बसले.

माझ्या उजव्या पावलात पेटका आला होता. साधासुधा नाही. अंगठा तळव्याखाली दाबला गेलेला, बाकीची बोटं त्याच्यावर चढलेली, आणि वरून कुणीतरी उभं राहिलंय असं दुखणं.

"पैलवान, उजवं पाऊल सैल सोडा!"

"सैलच हाय की."

"अहो, कुठलं सैल! आवळून धरलंय तुम्ही."

पैलवान उठून बसले. उजव्या पायाची बोटं त्यांनी माझ्यासमोर हलवून दाखवली. "ही बगा. नाचवून दावू का?" सगळा वर्ग हसायला लागला. त्यांची बोटं खरंच छान हलत होती. आणि माझ्या पायात मात्र काहीसुद्धा हललं नव्हतं, तोच आवळलेला गोळा. मला मशीनचा राग आला, पैलवानांचा आला, हसणाऱ्यांचा तर फारच आला.

"मग ही बोटं कुणाची आवळलीत?" मी ओरडले. "अंगठा खाली दबलाय, चारही बोटं त्याच्यावर चढलीत, करंगळी बाहेरच्या बाजूला मुडपलीय! मला काय वेड लागलंय?"

पैलवान हसायचे थांबले. तोंडचं पाणीच पळालं त्यांच्या.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "ह्ये तुमास्नी कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला होतंय!"

"त्ये माज्या डाव्याचं हाय." त्यांनी कापलेल्या पायावर हात ठेवला. "ट्रॉलीखाली बुटात जसा चिरडला हुता, तसाच हाय अजून. रोज. घरात बोललो तर बायको म्हणली, मनाचं खूळ. डॉक्टर म्हणलं, हुतं असं. मग बोलायचंच सोडून दिलं."

मग पेटका आल्यावर कुणीही करतं तेच मी केलं. माझं उजवं पाऊल मांडीवर घेतलं, बोटं एकेक करून मागं ओढली, तळवा अंगठ्यानं दाबत दाबत मोकळा केला. समोर पैलवानांनी असा श्वास सोडला की मला वाटलं माणूस गेला की काय! आखाड्यात भल्याभल्यांना चितपट केलेला तो माणूस चटईत तोंड खुपसून रडत होता. "सुटलं," म्हणाले, "ताई, सुटलं वो."

दुसऱ्याच दिवशी मी निहारिकाला बोलावून घेतलं. तिनं बराच वेळ लॅपटॉपवर काहीतरी पाहिलं आणि मग विचारलं, "मॅडम, पहिल्यांदा पोशाख जुळवताना मशीननं 'उजवा हात वर' म्हटलं, तेव्हा कुठला हात वर केलात?"

"हा काय प्रश्न झाला? उजवा."

"करून दाखवा बरं. उजवा हात वर!"

मी केला. तिनं वर बोट दाखवलं. मी वर पाहिलं, तर तो डावा होता.

आता यात माझी काय चूक? योग शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. आम्ही वर्गाकडे तोंड करून उभे असतो. तोंडानं 'उजवा' म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा, म्हणजे समोरच्यांना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. जन्म गेला त्यात. 'उजवा' ऐकलं की माझा डावाच वर जातो. स्कूटरवर मागं बसून मी 'उजवीकडे घ्या' म्हटलं की आमचे हे गुपचूप डावीकडे वळवतात. तर मशीननं माझ्या डाव्याला उजवा आणि उजव्याला डावा मानलं होतं. आणि वर्गात मी डावा हात उचलला की ओढ बरोबर लोकांच्या उजव्या हाताला जात होती, म्हणून कुणाला पत्ताच लागला नाही. पैलवानांच्या वेळी मी डावा मोजा काढला, म्हणजे बंद झाला तो त्यांचा धडधाकट उजवा पाय. उघडा राहिला तो नसलेला डावा.

"पण जो नाहीच तो दुखतो कसा?" मी विचारलं.

निहारिकानं पहिल्यांदाच सावकाश उत्तर दिलं. मेंदूत सगळ्या शरीराचा एक नकाशा असतो, प्रत्येक अवयवाची त्यात आपापली जागा. पाय कापला तरी नकाशातली जागा तशीच राहते. कापलेल्या नसांची टोकं उरलेल्या पायात जिवंत असतात आणि त्या जागेशी बोलत राहतात. कोयनेच्या पाण्यात गाव बुडालं तरी म्हातारी माणसं पत्ता त्याच गावाचा सांगतात, तसंच हे. ते बोलणं पोशाखानं वाचलं, माझ्या पायाला सांगितलं, आणि मी माझी बोटं सोडवली ते त्या नसांना परत पोचवलं.

"म्हणजे चुकून औषधच सापडलं की," मी म्हटलं.

"नाही मॅडम. ही चूक आहे आणि मला ती दुरुस्त करायला हवी. नसलेल्या अवयवाचा मार्ग बंद ठेवायचा असा नियम आहे, आणि तो उगाच केलेला नाही. तुमचाही मेंदू आहे, तोही शिकतो. दुसऱ्याचं दुखणं रोज पायात घेतलंत तर तो ते ठेवून घेईल."

"पुढच्या खेपेला कर. तोवर हात लावायचा नाही."

ती नाइलाजानं गेली. पोरगी बरोबर बोलत होती, पण तो माणूस चटईत रडताना तिनं पाहिला नव्हता.

मग रोज वर्ग संपला की मी पैलवानांसमोर बसायची आणि माझं पाऊल सोडवायची. त्यांची पाठ सरळ व्हायला लागली. एके दिवशी त्यांची बायको कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आली, म्हणाली, "झोपत्यात आता. आधी रातभर उशी चावायचे." मी फुशारले. का नाही फुशारायचं? सगळ्यांना सामावून घ्या, सामावून घ्या म्हणून भाषणं ठोकणारे पुष्कळ असतात. मी एका माणसाचा नसलेला पायसुद्धा सामावून घेतला होता!

फक्त माझा पाय मला साथ देईना. पोशाख नसतानाही उजव्या पायाची बोटं आपोआप मुडपायची. ओट्याशी भाकरी थापताना, देवपूजेला बसताना. कधीकधी दुखायचं नाही, नुसतं पाऊल तांबड्या मातीत रुतलंय असं वाटायचं. मी जन्मात आखाड्यात पाऊल टाकलेलं नाही. ते पैलवानांकडून आलं होतं की मीच मनानं रचत होते, देव जाणे.

आमच्या ह्यांच्या लक्षात आलंच. यांचं नाव दिगंबर, बोलणं कमी पण नजर घारीची.

"वैजू, हा पाय तुझा आहे की त्या पैलवानाचा?"

"माझाच."

"मग त्याचं दुखणं इथं काय करतंय?"

"भाड्यानं राहिलंय," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "भाडेकरू घर बळकावतात, ठाऊक आहे ना?"

आणि झालंच तसं. त्याच आठवड्यात वृक्षासन दाखवताना मी उजव्या पायावर उभी राहिले, बोटं मुडपली, आणि सगळ्या वर्गासमोर मी धाडकन आपटले. जोहराबींना दिसत नाही, पण त्या ओढीबरोबर त्याही तोल जाऊन पडल्या. नशीब, लागलं नाही त्यांना. मी मात्र हादरले. उभं राहता येत नसेल तर मी शिकवणार काय, कपाळ? निहारिकाला फोन केला. ती म्हणाली, "सोमवारी येते आणि बंद करते. आणखी थोडे दिवस गेले तर तो पाय तुमच्यातून निघायचाच नाही."

मी ठरवलं, शनिवारी पैलवानांना सांगून टाकायचं. त्यांचं दुखणं जवळजवळ गेलंच आहे, ते काही म्हणायचे नाहीत.

शनिवारी पैलवान आले आणि आडवे झालेच नाहीत. समोर बसून राहिले.

"ताई, एक मागायचं हाय. रागावू नका. त्यो पाय परत द्या."

"कुठला पाय?"

"माजा. हाय तसा. दुखणारा."

माझा संतापच झाला. "पैलवान, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तुमच्यापायी मी स्वतःचा पाय घालवून बसले, चारचौघांत तोंडावर आपटले, आणि तुम्हाला आता दुखणं परत पाहिजे?"

त्यांनी मान खाली घातली. "परवा सकाळी उठलो. दुखत न्हवतं, बरं वाटलं. मग बोटं हलवाय गेलो, तर न्हाईत. आवळल्याली न्हाईत, सुटल्याली न्हाईत. न्हाईतच. घोट्याच्या जागी नुसती चादर. ताई, ट्रॉलीनं पाय न्हेला तवा मी रडलो न्हवतो. का, तर त्यो हुताच की. दुखत हुता, पर हुता. माजा पाय खरा गेला त्यो परवा."

मी त्यांना नुसतं 'सोमवारी या' म्हटलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांचा चेहरा खुलला. "मग देऊन टाक की! त्याला हवाय, तुला नकोय. प्रश्न मिटला."

"अहो, माणसाच्या अंगात कळ कशी घालू? तेच शिकले का मी?"

"मग नको देऊ."

"आणि तो माणूस असाच राहू दे?"

"मग दे!"

"तुम्हाला काही कळत नाही."

"खरंय," ते म्हणाले. "तुला कळतंय का?"

कळत नव्हतं. रविवारभर मी चिडचिड करत घरातून फिरत होते. खरं सांगायचं तर मला तो पाय द्यायचाही नव्हता. त्या माणसाच्या आत काय चाललंय हे सगळ्या जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि त्याची मला गोडी लागली होती. दुखत होतं तरी लागली होती. आणि दुसरीकडे स्वतःची लाजही वाटत होती. वर्गात मी सगळ्यांना दटावते, 'तुमच्यासाठी मी वाकणार नाही, तुमचं तुम्ही वाका.' काकांना दटावलं, जोहराबींना दटावलं, कुणाची गय केली नाही. आणि पैलवानांसाठी मात्र रोज मीच करत होते, ते समोर नुसते पडून असायचे. त्यांना मी काही शिकवलंच नव्हतं.

सोमवारी निहारिका पिशवी उघडायलाच बसली. "मोजा काढा, मॅडम."

"थांब गं. एकदाच."

पैलवान समोर बसले. मी बटण त्यांच्यावर आणलं, आणि माझ्या उजव्या पायाची बोटं माझी मीच मुडपली. अंगठा आत, बाकीची त्याच्यावर, करंगळी बाहेर. कळ डोक्यात गेली. त्यांनी डोळे मिटले होते. बराच वेळ काही नाही. मग त्यांचा चेहरा पिळवटला, आणि त्या पिळवटलेल्या चेहऱ्यावर हसू आलं.

"आला," ते म्हणाले. "आईशप्पथ, आला. लेकाचा तसाच हाय."

"छान. आता मी हात लावणार नाही. तुमचा पाय, तुम्ही सोडवायचा."

"मला कसं जमंल? त्यो तर न्हाईच."

"नाही कसा? आत्ता आला म्हणालात ना! अंगठ्यापासून सुरुवात करा. ओढाताण नको. श्वास सोडाल तेव्हा तो आपण होऊन बाहेर येऊ द्या."

मी माझं पाऊल चटईवरून उचलून हवेत धरलं, म्हणजे माझ्याकडून आपोआप काही होऊ नये. पैलवान श्वास सोडत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. निहारिका पिशवी विसरून बघत होती. कितीतरी वेळानं माझ्या पायात अंगठा सरकला. मी सरकवला नव्हता. त्याच्यामागून दुसरं बोट उठलं, तिसरं, मग जरा थांबून चौथं. करंगळी मात्र अडून बसली.

"ताई, हिला तेवढी तुमी सोडवा," पैलवान कळवळून म्हणाले.

माझा हात पायाकडे गेलासुद्धा. मी तो मागं ओढला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. "नाही म्हणजे नाही! श्वास सोडा."

पैलवानांनी आखाड्यातली एक सणसणीत शिवी हासडली. आणि करंगळी सुटली.

"आता टेकवा पाऊल," मी म्हटलं.

माझं पाऊल हवेत होतं. तरी त्याच्यातून एक भलं मोठं, रुंद, जड पाऊल जमिनीला टेकलं. टाच आधी, मग चवडा, मग एकेक बोट पसरून. त्याच्यावर एका धिप्पाड माणसाचा भार आला. दुखत अजिबात नव्हतं.

"कर बंद," मी निहारिकाला म्हटलं, आणि तिनं केलं.

माझा पाय एकदम लहानसा झाला. माझाच होता, बोटं मोकळी होती, मी ती हलवून बघितली.

"पैलवान?"

डोळे न उघडता ते म्हणाले, "हाय. टेकलाय."

उद्याही टेकलेला असेल का, परत आवळेल का, आवळला तर त्यांना सोडवता येईल का, हे मला आता आतून कधीच कळणार नाही. ते सांगतील तेवढंच. आणि मला त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागेल, जसा त्यांच्या बायकोनं ठेवायला हवा होता.

हॉलच्या बाहेर हे स्कूटर घेऊन उभे होते. मी पायऱ्या उतरले, ठणठणीत, दोन्ही पायांवर.

"सुटला का पाय?"

"सुटला."

"दुखतंय कुठं?"

"कुठ्ठं काही नाही."

"मग रडतेस कशाला?"

"मला काय विचारता?" मी त्यांच्यावरच खेकसले. "मला तरी कुठं कळतंय!"